तोंड दिसलं नाई पाह्यजे

आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्याला आधी ढेपेचा वास लागायचा, मग माणसं दिसायची. पुढे रस्त्याला लागून दुकान, मध्ये पोत्यांचं कोठार आणि मागे आम्ही. सरकीची ढेप, मिठाची पोती, तेलाचे डबे, गुळाच्या भेल्या यांच्यामधून अंग चोरत अंगणात यावं लागे. आमच्या सिंदी गावात त्या वासाला कोणी नावं ठेवत नसे, पण वर्ध्याला कॉलेजात जायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की माझ्या ओढणीलाही तो येतो. कॉलेजला आम्ही रोज पॅसेंजरनं जात असू. गाडी आली की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी थरथरत आणि मोठीआई हात न थांबवता म्हणे, "जाय, आली तुही गाडी." मोठीआई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका गेल्यावर ती आमच्यातच राहिली, आणि चूल तिची, बाकीचं घर आईचं, अशी वाटणी दोघींनी न बोलता करून घेतली होती. हिवाळ्यात ती पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजे. कपाशीच्या त्या वाळक्या काड्या तडतडत जळत आणि भरताला त्यांच्या धुराची चव येई. तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी, ज्वारीची भाकर आणि ते भरीत. आता नागपुरात गॅसवर वांगं भाजते, त्याला वांग्याचीच चव येते, दुसऱ्या कशाचीही नाही.

बाबा कमी बोलत. गिऱ्हाइकाशी बोलताना ते तराजूकडे पाहत आणि आमच्याशी बोलताना ताटाकडे. त्यांना काही मागायचं असेल तर दुसरी भाकर पानात पडेपर्यंत थांबायचं, हा घरातला कायदा होता. त्या हिवाळ्यात हिंगणघाटचं एक कापड दुकानवालं घराणं मला पाहून गेलं होतं. आईनं सांगितलं तशी मी पोह्यांचा ट्रे घेऊन गेले, बाबांनी सांगितलं तशी मान खाली घालून बसले, आणि समोरच्या पाच जोडी पायांखेरीज मला काही दिसलं नाही. पसंती कळवतो म्हणून गेले. घरात सगळे हळू बोलायला लागले. माझ्या बी.ए.चं दुसरं वर्ष चालू होतं आणि मला पुढे शिकून शिकवायचं होतं, पण हे ज्याला सांगायचं तो माणूस ताटाकडे पाहत जेवत होता.

त्याच दिवसांत प्रमोदच्या डोक्यात गाण्याचं शूटिंग शिरलं. प्रमोद सिंदीचाच, आमच्याच पॅसेंजरचा. त्याच्या वडिलांचं शेत गावाबाहेर सडकेला लागून होतं. कॉलेजच्या गॅदरिंगला दर वर्षी पोट्टे सिनेमातल्या गाण्यावर नाचत आणि मागचे पोट्टे शिट्ट्या मारत. प्रमोद म्हणाला, यंदा आपण आपलंच गाणं करू, शेतात त्याचं शूटिंग करू आणि टीव्हीवर दाखवू. गाणं माझ्या मैत्रिणीनं, मालूनं, रचलं आणि तिनंच म्हटलं. कापूस वेचणाऱ्या बाईचं गाणं होतं ते. "बोंड फुटलं वं बाई, झोळी माही भरंना" अशी त्याची सुरुवात होती. मालूचा गळा असा की गाडीत ती गायला लागली की पलीकडच्या डब्यातली भाजीवालीसुद्धा गप्प होई. पण कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं म्हटलं की मालू माझ्या पाठीमागे लपे. मग वेचणारी बाई कोण? मी.

मी दुसरी भाकर पडेपर्यंत थांबले आणि विचारलं. बाबांनी घास संपवला, पाणी प्याले. आई माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत होती. बाबा म्हणाले, "गाण्यात उभी राह्य. पण तोंड दिसलं नाई पाह्यजे. दिसलं तं कॉलेज तेवढ्यावरच, सांगून ठेवतो." एवढं बोलून त्यांनी ताटात हात धुतला. मी हो म्हटलं. परवानगी मिळाल्याचा आनंद करावा की त्या अटीचा राग, हे मला कळेना. तोंड नसलेली नायिका कशी करायची, ते प्रमोदनं पाहावं.

आणि त्यानं पाहिलं, हे त्याचं श्रेय. आज माझी नात फोन हातात धरून दिवसभरात दहा गाणी पाडते आणि तिला कसलीच अडचण येत नाही, म्हणूनच की काय तिची सगळी गाणी सारखी दिसतात. आमच्यापुढे अडचणच अडचण होती. कॅमेरा वर्ध्याच्या गिरीशभाऊंचा. ते लग्नाचं शूटिंग करत आणि तो खांद्यावरचा कॅमेरा तान्ह्या लेकरासारखा सांभाळत. कॅसेट एकच. नंतर तुकडे कापून जोडायची सोय आमच्यापाशी नव्हती, म्हणून जे दिसायला हवं ते त्याच क्रमानं घ्यायचं, आधी पहिलं, मग दुसरं, मग तिसरं. सगळं झाल्यावर गिरीशभाऊ त्यावर मालूचं गाणं चढवून देणार होते. बॅटरी फार वेळ टिकत नसे, त्यामुळे प्रत्येक शॉटआधी आम्ही शेतात उभे राहून भांडून घेत असू आणि मगच बटण दाबत असू.

पहिला शॉट पायांचा. कपाशीच्या दोन तासांमधून, दोन ओळींमधून, माझे अनवाणी पाय चालत जातात. त्यासाठी गिरीशभाऊ जमिनीवर पालथे झोपले आणि त्यांच्या पोटाला काड्या टोचल्या. दुसरा हाताचा: बोटं बोंडातून कापूस उपसतात. तिसऱ्यासाठी प्रमोद कॅमेरा घेऊन राखणीच्या मचानावर चढला. वरून पाहिलं की फक्त माझी वेणी, डोक्यावरचं गाठोडं आणि चहूकडे पांढरं. "वरून सगळ्या बाया सारख्याच दिसते," असं तो वरून ओरडला आणि खाली मालूनं त्याला ढेकूळ मारून दाखवलं. एक शॉट बंडीच्या चाकाच्या आऱ्यांमधून घ्यायचा होता. चाक फिरायला लागलं की तोंडाचे तुकडे होतील, अख्खं दिसणार नाही. बैलांनी असा हिसका दिला, की गिरीशभाऊ कॅमेरा छातीशी धरून मटकन बसले आणि घरी जायला निघाले. त्यांना मालूनं गोरसपाकाची बिस्किटं खाऊ घालून थांबवलं. कळशीतल्या पाण्यात माझं प्रतिबिंब धरायचंही ठरलं, पण पाण्यात नाक-डोळे स्पष्ट दिसायला लागले तेव्हा मी स्वतःच पाण्यात खडा टाकला. माझा सगळा वेळ स्वतःचं तोंड चुकवण्यात चालला होता. पाठ वळव, पदर ओढ, मान तिकडे कर. दुपारपर्यंत माझी मान दुखायला लागली.

मग चालता शॉट उरला. मी डोक्यावर गाठोडं घेऊन सडकेनं चालते आहे आणि कॅमेरा माझ्याबरोबर, माझ्या पाठीमागून, चालतो आहे. बंडी हिसके देते, सायकल डगमगते. तेव्हा मी आमच्या दुकानाची हातगाडी आणली. तिच्यावर ढेपेची पोती रचून मध्ये कॅमेरा खुपसला, म्हणजे हलायचा नाही. गाडी ढकलणारे गिरीशभाऊ आणि शेजारून चालत बटण दाबणारा प्रमोद. सडकेवरून कापसाच्या बंड्या खरेदी केंद्राकडे चालल्या होत्या. कॅमेरा दिसला की गाडीवान बैल थांबवत आणि नवरदेव कुठं आहे म्हणून विचारत, कारण व्हिडिओ म्हणजे लग्न, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. त्यातले निम्मे आमच्या दुकानाचे गिऱ्हाईक. यांच्यापैकी कोण संध्याकाळी ढेप घ्यायला जाऊन बाबांना काय सांगेल, या धास्तीनं मी घाई करत होते. एकदा घे आणि संपव, असं मी प्रमोदला म्हणत होते, आणि तो पुन्हा, पुन्हा एकदा, म्हणत होता. सूर्य उतरेपर्यंत आम्ही त्या सडकेवर ये-जा करत राहिलो.

चार दिवसांनी वर्ध्याला गिरीशभाऊंच्या दुकानात आम्ही कॅसेट पाहायला बसलो. पाय छान आले होते. हात छान आले होते. मचानावरचा शॉट पाहून मालूनं माझा हात दाबला. मग चित्र हललं, आभाळ दिसलं, पोत्याचे धागे दिसले, आणि पडद्यावर मी होते. सडकेच्या कडेला पुलियावर, छोट्या पुलाच्या कठड्यावर, बसून केस झाडत होते. गाडी पुढे सरकलीच नाही. मी मालूशी बोलत होते, हसत होते, रुमालानं मान पुसत होते, पाठीमागून एक बैल माझ्या गाठोड्याला तोंड लावत होता. मग मी उभी राहिले, कमरेवर हात ठेवला, खालच्या ओठाचा बाबांसारखा कोपरा काढला आणि बाबांच्या आवाजात म्हणाले, "तोंड दिसलं नाई पाह्यजे. सांगून ठेवतो." सगळे हसले. मग मी कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली का पाहायला जवळ आले, इतकी जवळ, की त्या टीव्हीत माझ्या तोंडाशिवाय दुसऱ्या कशाला जागा राहिली नाही.

काय झालं ते गिरीशभाऊंच्या आधी लक्षात आलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. त्या कॅमेऱ्याचं बटण एकच. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. लाल दिवा लागतो तो डोळा लावायच्या भोकात, आणि पोत्यांत खुपसलेल्या कॅमेऱ्याला डोळा लावून कोणीच नव्हतं. घाईत प्रमोदकडून बटण एकदा जास्त दाबलं गेलं. तिथून पुढे तो सुरू म्हणून दाबत होता तेव्हा कॅमेरा बंद होत होता आणि बंद म्हणून दाबत होता तेव्हा सुरू होत होता. चालतानाचा एकही शॉट कॅसेटमध्ये नव्हता. होतं ते सगळं मधल्या वेळातलं. आमच्या पहिल्या निम्म्या गाण्यात तोंड कुठंच नव्हतं आणि दुसऱ्या निम्म्यात तोंडाशिवाय काही नव्हतं.

मी म्हटलं, पुन्हा शूटिंग करू. पण येताना पॅसेंजरच्या खिडकीतून मी प्रमोदचं शेत पाहिलं होतं. शेवटची वेचणी उरकली होती आणि गडी पऱ्हाट्या उपटत होते. पांढरं असं काही शिल्लक नव्हतं. प्रमोद म्हणाला, "मले तं हेच चांगलं वाटून राह्यलं." मी त्याच्यावर अशी तुटून पडले की गिरीशभाऊंनी दुकानाचं दार ओढून घेतलं. त्याचं काय जाणार होतं? कॉलेज माझं बंद होणार होतं. मालूनं मात्र कॅसेट काढून डब्यात ठेवली. गाणं तिचं, गळा तिचा, वर्षभर ती गॅदरिंगची वाट पाहत होती. शेवटी इतकंच म्हणाली, "शैला, तू म्हणशील तसं करू." तिनं भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

परतीच्या गाडीत मी ठरवलं, की बाबांना आधी मीच दाखवायचं. सिंदीची निम्मी गाडी वर्ध्याच्या कॉलेजात भरते, गॅदरिंगमध्ये जे दिसेल ते दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळीवर पोचणार, तेव्हा लपवण्यात अर्थ नव्हता. हे कारण मी मालूला सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. पुलियावर बसलेली ती मुलगी मला आवडली होती. एवढी मोकळी हसणारी पोरगी मी आरशात कधी पाहिली नव्हती, आणि तिला पुसून टाका म्हणायला माझी जीभ रेटेना.

रविवारी दुपारी दुकान बंद असे. टीव्ही आमच्याकडे होता. प्रमोदनं गिरीशभाऊंचा व्हीसीआर गोधडीत गुंडाळून सायकलवर आणला आणि तारा लावताना मालूनं त्याला मदत केली. बाबा खुर्चीवर बसले. आई दाराच्या चौकटीला टेकून, मोठीआई खाली, सुपात तूर घेऊन. गाणं अजून वर चढवलं नव्हतं, म्हणजे शेतातला आमचा सगळा आवाज त्यात तसाच होता, आणि हे माझ्या लक्षात आलं ते पाय दिसायला लागल्यावर. तोवर उशीर झाला होता. पायांकडे पाहून बाबांनी विचारलं, पायात चप्पल काऊन नाई? हात आले, मचान आलं. मोठीआई म्हणाली, कापूस चांगला होता. मग आभाळ, मग पोतं, मग मी.

पडद्यावर मी कमरेवर हात ठेवला, ओठाचा कोपरा काढला, आणि आमच्या घरात बाबांच्या समोर बाबांचा आवाज काढून ते वाक्य म्हटलं. मोठीआईच्या नाकातून हसू फुटलं, तिनं तोंडात पदर कोंबला. आई जमिनीकडे पाहायला लागली. प्रमोद भिंतीला इतका चिकटला, की भिंतीच्या पलीकडे जातो की काय असं वाटलं.

"बंद करा," बाबा म्हणाले. प्रमोद टीव्हीकडे धावला. "टीव्ही नाई. आवाज बंद करा. आन मांगून पुन्हा लावा."

आवाज बंद झाला. मोठीआईच्या सुपातली तूरही थांबली. बाबांनी ते सगळं मुक्यानं पुन्हा पाहिलं, पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकवून. मी केस झाडले, हसले, त्यांची नक्कल केली, जवळ आले. मी पडद्याकडे पाहत नव्हते. बाबांचं तोंड इतका वेळ समोरून पाहायची मलाही ती पहिलीच वेळ होती, आणि त्यावर काय आहे ते मला वाचता येईना. संपल्यावर ते उठले, टोपी घातली आणि बंद दुकानात निघून गेले. आतून पोती इकडची तिकडे केल्याचे आवाज संध्याकाळपर्यंत येत राहिले. रचलेली पोती होती ती, त्यांना हलवायचं काही कारण नव्हतं.

सोमवारी मी कॉलेजला जाऊ की नको, हे विचारायची हिंमत झाली नाही म्हणून गेले. मंगळवारीही गेले. रोज सकाळी मला वाटे, आज बाबा दारात अडवतील. बुधवारी परत आले तेव्हा दुकानात शेजारचा माणूस बसला होता. बाबा सकाळच्या एस.टी.नं कुठंतरी गेले होते, आईलाही सांगितलं नव्हतं. दिवेलागणीला आले. पाय धुतले, पाटावर बसले. मोठीआईनं पहिली भाकर वाढली, दुसरी वाढली. मग बाबा ताटाकडे पाहतच म्हणाले, हिंगणघाटले गेलतो.

आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. बाबा म्हणाले, "म्या त्याइले सांगतलं, पोरीचं तोंड गॅदरिंगमंदी चार लोकाइले दिसन. चालत असन तं सांगा, नाई तं तेही सांगा."

"मंग भाऊजी?" मोठीआईनं विचारलं.

"नाई चालत म्हणे." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तो ताटातच ठेवला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "थे पाहाले आलते तवा तू मान खाली घालून बसली होती. म्याच सांगतलं होतं तसं. त्याइनं पाह्यलं काय मंग?"

आई रडायला लागली. चांगलं घर हातचं गेलं, आता ही गोष्ट गावभर होईल, इच्यासंग कोन लगन करन, असं ती पदराआडून म्हणत राहिली. तिचं चुकत नव्हतं. पुढे खरंच दोन ठिकाणची बोलणी याच गोष्टीवरून फिसकटली आणि आई प्रत्येक वेळी आजारी पडली. बाबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तवापर्यंत शिकू दे तिले. मग उरलेली भाकर खाल्ली. मी स्वयंपाकघरात जाऊन मोठीआईच्या पाठीवर डोकं टेकवून रडले, आणि ती म्हणाली, आंग गरम हाय का तुहं, कारण आमच्या घरात असं कोणी कोणाला टेकत नसे.

गॅदरिंगला बाबा आले. पांढरं धोतर, धुतलेली टोपी. पाहुणा समजून कोणीतरी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. टेबलावर टेबल रचून टीव्ही उंच ठेवला होता. मी आणि मालू बाजूच्या कनातीमागे उभ्या. मागे पोट्ट्यांची हुल्लड सुरूच होती. पाय दिसले तरी शिट्टी, वेणी दिसली तरी शिट्टी. मालूचा आवाज त्यातून वर येत होता. मला माहीत होतं कोणत्या ओळीवर आभाळ येणार आणि कोणत्या ओळीवर मी. आभाळ आलं. पोतं आलं. मी आले, आणि मागून अशी लांब शिट्टी वाजली आणि कोणी काहीतरी ओरडलं, की मालूनं माझ्या दंडाला नखं रुतवली.

बाबा उभे राहिले. टीव्हीकडे पाठ करून, मागच्या रांगांकडे तोंड करून, हात पाठीशी बांधून. वजनावरून कोणी तंटा केला की दुकानाच्या फळीवर ते असेच उभे राहत, एक शब्द न बोलता. टीव्ही उंच होता, त्यांच्या टोपीच्या वर मी केस झाडत होते, हसत होते, ओठाचा कोपरा काढून तेच वाक्य म्हणत होते, जे आता गाण्याखाली कोणालाच ऐकू येत नव्हतं. बाबा एकेका रांगेवरून नजर फिरवत गेले आणि रांगा गप्प होत गेल्या. बसा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. माझं तोंड टीव्हीभर झालं तेव्हा त्या मांडवात फक्त मालूचा आवाज होता. गाणं संपेपर्यंत ते तसेच उभे होते. संपल्यावर मागे वळून न पाहता खाली बसले.

परतीच्या पॅसेंजरमध्ये ते खिडकीशी बसले होते. सेलू स्टेशन मागे पडलं. शेवटी मीच विचारलं, "बाबा, तुमी तं पाह्यलंच नाई."

"तुले म्या घरी पाह्यलं," ते म्हणाले. "तठी लोकाइले पाहू देल्लं."